आईचं गाव मे महिन्यात असतं

माझ्या आईच्या माहेरगावाला जायचं तर मे महिन्यातच जावं लागतं. मिरगाचा पाऊस धरला की गाव पुन्हा पाण्याखाली जातं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथं साळावली धरणाचा जलाशय असतो. गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी हे ते गाव. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावामुळे महाराष्ट्रातही पुष्कळांनी हे नाव ऐकलेलं असतं. ते ज्या जागेचं नाव, ती जागा १९८६ पासून वर्षातला बहुतेक काळ दिसतच नाही, हे मात्र थोड्यांना माहीत असतं.

तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. दोन्हीकडे डोंगर, मधून साळावली नदी, नदीच्या दोन्ही अंगांना भातशेती आणि शेतांच्या कडेनं माड, पणस, आंबे, काजू. सोमेश्वराचं देऊळ, ख्रिस्तांवांचं कपेल, मुसलमानांचा दर्गा. सहाशेहून अधिक कुटुंबं तिथून उठली आणि वाडे, वालकिणी इथल्या नव्या वसाहतींत गेली. माझे आजी-आजोबा त्यांत होते, मामा होता. आई नव्हती. तिचं लग्न आधीच होऊन ती म्हार्दोळला आली होती. त्यामुळे कौलं उतरवताना, वासे सोडवताना, देवखोलीतले देव उचलताना ती तिथं नव्हती. तिनं घराचा निरोप घेतला तो सासरी जाणाऱ्या मुलीनं घ्यावा तसा, पुन्हा यायचंच आहे हे धरून.

माझं आजोळ म्हणजे वाडे. सरळ रेषेतले रस्ते, मापून दिलेले भूखंड, उघडी तांबडी जमीन. आजीनं तुळस लावली होती, आजोबांनी काजू. मला ते आजोळ पुरेसं होतं. चतुर्थीच्या आधी आजोबा गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी रानातली फळं आणि वेली आणायला जायचे, ते नेहमी एकाच दिशेला, जुन्या गावच्या डोंगराकडे. पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन, जे मिळेल ते घेऊन यायचे. नव्या वसाहतीच्या आसपासही रान होतं. पण माटोळीचं सामान त्यांना तिथलंच लागायचं.

आजोबा कूळ होते. जमीन भाटकाराची, कसायचे हे. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनं कसणारा जमिनीचा मालक ठरला. साळावली धरणाचं कामही त्याच दशकातलं. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबल्यावर ‘ही जमीन माझी’ असं म्हणायची वेळ आली आणि त्याच सुमारास त्या जमिनीवर पाणी येणार हे नक्की झालं. या सगळ्या हकिकतीत मला हेच सर्वांत जड वाटतं, घर जाण्याहूनही.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले होते आणि तुमच्या त्यागामुळे सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, असं बोलले होते, असं कुर्डीची जुनी माणसं आजही सांगतात. भाऊंवर या माणसांचा जीव होता. त्यांच्या काळात खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या. आई त्यातल्याच एका शाळेत बाराखडी शिकली, आणि म्हणून आमच्या घरात बोलणं कोकणी असलं तरी पत्रं, हिशेब, आरत्या, वाचन सगळं मराठीत झालं. भाऊ सांगतात म्हणजे द्यायला हवं, असं मानून पुष्कळांनी दिलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. धरणग्रस्त म्हटलं की ज्यांचं हिसकावून घेतलं अशी माणसं आपल्या डोळ्यांपुढे येतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते खरंही असतं. कुर्डीच्या लोकांनी मात्र दिलंसुद्धा आहे, समजून-उमजून. देणाऱ्याचा मान त्यांना मिळायला हवा, आणि तो अजून पुरता मिळालेला नाही.

पाणी उतरलं की दर मे महिन्यात कुर्डीचे लोक गावी जातात. मामा पहिल्यापासून जातो. आई कधीच गेली नाही. “आटलेल्या तळ्यात बघायचं काय?” एवढं बोलून ती विषय संपवायची. यंदा एप्रिल संपताना मामाचा नेहमीसारखा फोन आला, तेव्हा तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, “हांव येतां.” कारण तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आई, मी, नवरा आणि आठवीतली लेक असे निघालो.

शिरोडा, पंचवाडी, सावर्डे करत सांगे. वाड्याला मामाला गाडीत घेतलं. मामीनं पेजेचा डबा दिला, बरोबर खारातली तोरं आणि सुक्या सुंगटांची किस्मूर. “तिथं सावली नाही, लवकर जेवून घ्या,” असं तिनं बजावलं. ती स्वतः येत नाही. तिचं माहेर दुसरीकडचं, आणि या एका दिवशी मामाला एकट्यानंच जायचं असतं हे तिला माहीत आहे.

सावली खरंच नव्हती. गाडी वर ठेवून आम्ही खाली चालत गेलो. जमीन आधी करडी, मग तांबडी, सुकून वीतवीत खोल भेगाळलेली. माडांचे आणि आंब्यांचे बुंधे कुठं गुडघ्याएवढे तर कुठं कमरेएवढे उरलेले, पाण्यानं काळे पडलेले, पण ओळ न सोडता उभे. बांध कुठून गेला होता ते त्या ओळींवरून कळतं. चिऱ्यांची जोती. चार पायऱ्या चढून जावं तर वर घर नाही. तुळशीवृंदावनांचे चौथरे, विहिरीचे कठडे, ओहोळावरचा लहानसा साकव. वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली राहून हे सगळं अजून जागेवर आहे, याचं मला आश्चर्य वाटत होतं. आईला वाटत नव्हतं. ती फक्त चालण्याचा वेग वाढवत होती.

मामा आईहून दहा वर्षांनी लहान. त्याची वाट ठरलेली. “बाय, हांगा यो,” म्हणत त्यानं तिला एका जोत्यापाशी नेलं. जोतं झाडून ठेवलेलं, कोपऱ्यात गेल्या उन्हाळ्यातली पणतीही असावी. आईनं सगळं नीट पाहिलं, पायरीला हात लावला आणि म्हणाली, “हें तुजें घर. म्हजें न्हय.”

मग उलगडा झाला. ती शाळेत असताना आजोबा आणि त्यांचे भाऊ वेगळे झाले होते आणि हे घर त्यानंतर बांधलेलं. मामाचं सगळं लहानपण या घरातलं. आईचं लहानपण त्याआधीचं, एकत्र कुटुंबाच्या मोठ्या घरात, आणि ते घर गाव उठायच्या कितीतरी आधीच मोडलं होतं. त्याचे चिरे भावंडांनी वाटून घेतले होते. मामाला ती जागा रिकामी भाट म्हणूनच आठवत होती, नेमकी कुठली तेही सांगता येईना. एकाच आईबापांची दोन मुलं, पण घर शोधायला निघाली ती दोन वेगळी घरं.

आईनं जोत्याकडे पाठ फिरवली आणि डोंगराकडे बघत उभी राहिली. सकाळी दारात उभं राहिलं की समोरच्या डोंगराला जिथं खाच आहे तिथं मागच्या डोंगराचं टोक बरोबर बसलेलं दिसायचं, असं तिचं म्हणणं. इथून ते टोक खाचेच्या डावीकडे दिसत होतं. ती बाजूबाजूनं सरकू लागली, नजर डोंगरावर, पाय चाचपडत. लेकीनं तिचा दंड धरला. बुंधे, भेगा, दगड चुकवत दोघी बऱ्याच लांब गेल्या आणि एका ठिकाणी आई थांबली. झाडं गेली, वाटा गेल्या, नदीनंही आपली कड बदलली असेल. डोंगर मात्र बुडाले नव्हते.

तिथं जोतं असं उरलेलं नव्हतं. चिऱ्यांची एक ओळ, तीही मातीत अर्धी पुरलेली. आई त्या ओळीच्या आत शिरली, चार-सहा पावलं चालली आणि खाली बसली. जमिनीत बसवलेलं दगडी उखळ होतं ते, तोंडापर्यंत मातीनं भरलेलं. घर मोडताना चिरे नेले, वासे नेले, पण उखळ जमिनीतच राहून गेलं असणार. काटकी घेऊन आई माती उकरू लागली. लेक शेजारी बसली. वरचा थर कडक होता, तो ढेकळांनी निघाला. त्याखाली ओला निळसर चिखल, त्यात नखाएवढे शिंपले. दोघींचे हात मनगटाच्या वरपर्यंत आत गेले. उखळाची कड एका अंगाला जास्त झिजलेली होती. आईनं लेकीचं बोट धरून त्या झिजेवरून फिरवलं. माझी पणजी नेहमी त्याच बाजूला उभी राहून कांडायची, मुसळ कडेला घासत खाली जायचं, म्हणून ती कड तशी. भात उकडून, अंगणात वाळवून, पहाटे कांडायचं. मुसळाच्या त्या आवाजानं आईला जाग यायची. हे सगळं ती लेकीला सांगत होती, मला कधी सांगितलेलं नव्हतं. पणजीचं नावही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते तिनं दोनदा म्हटलं, एकदा आम्हाला सांगायला आणि एकदा नुसतंच.

मामा थोडा लांब उभा होता. मग तो आपल्या जोत्यावरची फुलं अर्धी घेऊन आला.

सोमेश्वराच्या देवळाजवळ तोवर माणसं जमली होती. मे महिन्यातल्या एका रविवारी इथं उत्सव होतो. देऊळ लहान आहे, पण पाण्यातून दरवर्षी ते सगळ्यांत धडधाकट बाहेर येतं. ख्रिस्तांव मंडळीही आपल्या कपेलच्या जागी फेस्त करायला याच महिन्यात येतात. मडगाव, वास्को, पणजी, कुठून कुठून माणसं येतात. लहान मुलांना आणतात, म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवतात. आईला एका वृद्ध बाईंनी विचारलं, “तूं कोणाली गो?” सत्तरीला आलेल्या माझ्या आईनं आपल्या बापाचं नाव सांगितलं. म्हार्दोळला तिला सगळे माझ्या वडिलांची बायको, आमची आई म्हणून ओळखतात. बापाच्या नावानं ओळख देण्याची वेळ तिच्यावर कितीतरी वर्षांत आली नसेल. त्या बाईंनी तिचा हात सोडलाच नाही. पुढचा तासभर कोण कुठं गेलं, कोण उरलं, कुणाची मुलगी कुठं दिली, याचा पाढा चालला होता आणि मी पेजेचा डबा घेऊन शेजारी बसले होते.

मामानं लेकीला मोगूबाईंच्या घराची म्हणून दाखवतात ती जागाही दाखवली. १९०४ साली या गावात जन्मलेली मुलगी लहानपणीच आईचं बोट धरून बाहेर पडली, पुढं सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांची तालीम तिला मिळाली, १९७४ साली पद्मभूषण झाली. किशोरी आमोणकर त्यांची मुलगी. परतताना गाडीत आम्ही मोगूबाईंचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. खरखर होती, पण आवाज स्वच्छ होता. मामानं खिडकीची काच वर केली.

अलीकडे कुर्डी बघायला बाहेरचे लोकही येतात, ड्रोन उडवतात, फोटो काढतात. यावं त्यांनी, जितके येतील तितके. फक्त एखाद्या जोत्यावर चढताना एवढं ध्यानात ठेवावं, की ते कुणाचं तरी घर आहे आणि तो माणूस कदाचित तिथंच चार पावलांवर उभा आहे.

खरं म्हणजे कुर्डी पुरतं बघायचं तर त्या जागी जाऊन भागत नाही. गावातलं महादेवाचं प्राचीन देऊळ, हजारेक वर्षांचं, दगड-दगड सुटा करून पुरातत्त्व खात्यानं धरणाजवळ पुन्हा उभं केलं आहे. येताना आम्ही तिथं थांबलो. सांगे हा नव्या काबिजादींतला मुलूख. पोर्तुगीजांच्या हाती तो अठराव्या शतकात उशिरा आला, तोवर देवळं पाडण्याचा काळ सरला होता. म्हणून हे देऊळ जागच्या जागी तगलं आणि शेवटी पाण्यासाठी हललं. आईनं प्रदक्षिणा घातली, दगडांचे सांधे हातानं चाचपून पाहिले. देऊळ तेच, पण दाराबाहेर नदी नाही, असं ती म्हणाली.

कुर्डीची आदिमाता, जांभ्यात कोरलेली भलीमोठी मूर्ती, ती तर वेर्ण्याला नेली. पुढच्या रविवारी आईनं तिकडेही न्यायला लावलं. वेर्णा हे म्हाळसेचं मूळ स्थान. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा भक्तांनी म्हाळसेला जुवारी नदीपलीकडे म्हार्दोळला आणलं. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून. आमच्या फोंडा महालातले कितीतरी देव असे आपलं गाव सोडून आलेले आहेत. ज्या वेर्ण्याची देवी निघून म्हार्दोळला गेली, त्या वेर्ण्यानं कुर्डीच्या मातेला जागा दिली. आणि कुर्डीची मुलगी म्हार्दोळला सून होऊन आली. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पण म्हाळसेच्या जत्रेला मी दरवर्षी जाते, आणि माझ्या दोन्ही कुळांच्या देवता एकमेकींच्या वाटेवरून गेल्या आहेत, हे त्या मूर्तीपुढे उभी राहीपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं.

असं हे गाव वाटलं गेलं आहे. देव धरणाच्या कडेला, देवी वेर्ण्याला, माणसं वाडे आणि वालकिणीला, आवाज ध्वनिमुद्रणांत. आणि पाणी सगळीकडे. धरणाचं पाणी शेळप्याला शुद्ध होतं आणि तिथून मडगाव, वास्को आणि जवळजवळ सबंध दक्षिण गोव्यात नळानं जातं. माझी नणंद मडगावला असते. तिच्या स्वयंपाकघरात नळ सोडला की आजोबांच्या शेतावरचं पाणी येतं, हे मी तिला या प्रवासानंतर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पुढच्या मेमध्ये मलाही न्या. ज्यांनी हे पाणी दिलं त्यांना नव्या वसाहतीत पहिली कितीतरी वर्षं विहिरीवरच काढावी लागली. उन्हाळ्यात विहिरी तळाला जायच्या. आजी पहाटे रांगेत घागर लावायची, ते मी सुट्टीत पाहिलेलं आहे. दक्षिण गोव्यातल्या शाळांमधून मुलांना कुर्डी शिकवायला हवं. इतिहासाच्या तासाला नको, पाण्याच्या धड्यात. कुठल्या गावानं आपल्याला पाणी दिलं, तिथं कोण राहत होतं आणि ती माणसं आज कुठं आहेत, एवढं प्रत्येक पोराला ठाऊक असावं.

उत्सवाच्या त्या संध्याकाळी वाड्याला मामाच्या घरी लेकीनं वही काढली. दुपारी तिनं उखळाची जागा फोनमध्ये टिपायचा प्रयत्न केला होता, पण तिथं रेंज नव्हती, म्हणून आता कागदावर काढायचं ठरवलं. आधी नदी काढली. मग सोमेश्वर, साकव, डोंगराची खाच. मग आई आणि मामा दोघंही वहीवर वाकले. सरकारी नकाशात सर्व्हे नंबर असतात. इथं प्रत्येक चौकोनात नाव पडू लागलं. कुणाचं घर, कुणाची विहीर, कुठल्या मळ्याला काय म्हणायचे, वायंगण म्हणजे उन्हाळी भात कुठं व्हायचं, शिगम्याचा मांड कुठं, गुरं कुठून उतरायची. आईचं गाव मामाच्या गावापेक्षा जुनं, त्यामुळे काही जागी दोन नावं पडली. ती दोन्ही ठेवायची, असा निकाल मामीनं दिला. जोडपान भरलं, दुसरं लावलं. काही चौकोन मोकळे राहिले. तिथं कोण राहायचं ते दोघांनाही आठवेना.

त्या हात न सोडणाऱ्या बाई वालकिणीला असतात. आईनं त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवला होता. चतुर्थी झाली की त्यांच्याकडे जायचं ठरलं आहे. परवा मी बाजारात निघाले तेव्हा आईनं हाक मारून सांगितलं, “ड्रॉइंगचा मोठा कागद मिळतो तो आण. ओहोळापलीकडचा सगळा वाडा राहिलाय.”